आवाहन : वेल्ड यांच्या चांद्यातील शोधकार्याच्या माहितीदालनासाठी

सर्व सभासद, हितचिंतक आणि चांदेकर मंडळींस सस्नेह नमस्कार.

१९०४ च्या ऐन उन्हाळ्यात अमेरिकन खाण अभियंते सी. एम. वेल्ड हे जमशेटजी टाटांच्या नियोजित पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज शोधण्यास आपल्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा आणि भाचे शापुरजी सकलातवाला यांच्यासह बैलगाड्यांतून, पाण्याची टंचाई सोसत, त्यांनी वाघांच्या जंगलातला लोहारा परिसर पालथा घातला. खनिज उत्तम निघाले, परंतु मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हते. वरोऱ्याचा कोळसा भट्टीस योग्य नाही, हे तर आधीच ठरले होते. शोध थांबवत असल्याचे कळवण्यासाठी नागपूरला गेलेल्या दोराबजींना अजब बंगल्यात, म्हणजे तेथील संग्रहालयात, दुर्गकडील लोहखनिज दाखवणारा भूस्तरीय नकाशा दिसला आणि वेल्ड दल्ली-राजहराच्या डोंगरांकडे वळले. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रावरून वेल्ड आणि टाटांचे अमेरिकन सल्लागार अभियंते पेरिन ओडिशातील मयूरभंजच्या गुरुमहिसाणी या लोहखनिजाच्या डोंगरापर्यंत पोहोचले. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला. चांद्याला कारखाना लाभला नाही, परंतु ‘येथे पुरेसे खनिज नाही’ हे वेळीच आणि स्पष्ट सांगणे हेही अभियंत्याचे मोठे काम असते, असे मंडळास वाटते.

या विषयाची टिपणे आपले माजी अध्यक्ष अनेक वर्षे स्वखर्चाने गोळा करत राहिले. कोळसा खाणीतील निवृत्त कामगारांनी निवृत्तिवेतनातून दिलेल्या देणग्यांवर आणि बल्लारपूरच्या एका शिक्षिकाबाईंनी आईच्या स्मरणार्थ दिलेल्या कपाटांवर आपला संग्रह आजवर टिकला. त्यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही. मात्र गतवर्षीच्या व्याख्यानाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि ‘त्या परक्या माणसाचे आपल्याला काय?’ असे आपल्यांतीलच काहींनी विचारले, याची खंत वाटते.

कागद जीर्ण होत आहेत, छताला गळती आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे. नकाशांची जपणूक, वेल्ड यांच्या मार्गाचा मोठा फलक आणि छतदुरुस्ती यांसाठी यथाशक्ती देणगी मृगापूर्वी रोख अथवा मंडळाच्या नावे धनादेशाने, सायंकाळी कार्यालयात द्यावी व पावती घ्यावी. जुनी छायाचित्रे, मालगुजारीचे कागद असल्यास प्रत काढून मूळ परत केले जाईल.

आपला,
कार्यवाह