सिस्टर, तुम्ही पायरीवरूनच परत गेलात

प्रिय सिस्टर,

परवा पोरीचे लहानपणीचे कपडे काढत होते, तर तळाशी माझं मदर कार्ड सापडलं. मागच्या बाजूला तुमचं अक्षर. "ऑक्सिजन ९४ च्या खाली आला किंवा धाप लागली तर मला नाही, आधी १०८ ला फोन." खाली दोन रेघा. तिथंच बसून रडले मी. तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, आणि ते फोनवर दोन शब्दांत उरकायचे नाहीत म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, नाशिकनं काय बघितलं ते नाशिककरांना सांगायची गरज नाही. संचारबंदी लागलेली, लोक बेडसाठी रात्रभर फिरत होते, आणि २१ तारखेला ऑक्सिजनची टाकी लीक होऊन एका दिवसात बावीस माणसं गेली. मला नववा लागलेला. जिथं नाव घातलं होतं तिथला निम्मा स्टाफ आजारी, त्यांनी सांगितलं कळा सुरू झाल्या की या, तोवर चेकिंगला येऊ नका. सासूबाई म्हणाल्या गल्लीच्या टोकाला त्या सिस्टर राहतात ना, पेठकडे तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेल्या, त्यांना विचारू. तुम्ही त्रेसष्ट वर्षांच्या, लसीचा एकच डोस झालेला, घरात काकांना शुगर. तरी आलात.

पण आत नाही आलात. ओट्याच्या पायरीवरच बसायचात. काय होतंय, पायाला सूज आहे का, डोकं दुखतं का, हे सगळं आधी फोनवर विचारून घ्यायचात, म्हणजे समोरासमोर फक्त बीपी आणि पोट तपासायचं, दहा मिनिटांत काम संपलं पाहिजे. बीपीचा पट्टा आधी पुसायचा, नंतरही पुसायचा. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या, दोन तासांत दहा, कमी वाटल्या तर थांबायचं नाही, हे मला पाठ करून घेतलंत. आईनं एकदा विचारलं की एवढी परिस्थिती आहे तर घरीच करू या का बाळंतपण, तर तुम्ही ताडकन नाही म्हणालात. ठरवून घरी नको, रक्त जायला लागलं तर माझ्याकडे काय आहे, असं म्हणालात. मला तेव्हा वाईट वाटलेलं, खरं सांगते. वाटलं या आपल्याला लांब ठेवतायत.

आणि मग २३ तारखेची रात्र. दुसरं बाळंतपण, कळा सुरू झाल्या आणि तासाभरात थांबायचं नावच नाही. तुम्ही दारात पोचलात तेव्हा पहिलं वाक्य होतं, १०८ ला फोन केला का. मग हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढून पायरीवर ठेवलंत आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेत. मास्कच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावली होती चष्म्यावर वाफ येऊ नये म्हणून, वर शील्ड. खोलीत मी, तुम्ही आणि आई, बाकी सगळे बाहेर. सासूबाईंना राग आला, यांनाही आला. दोन्ही खिडक्या उघडल्यात, टेबलफॅनचं तोंड खिडकीकडे वळवलंत, खोलीतली हवा बाहेर जायला पाहिजे म्हणून. मलाही मास्क. पण कळ आली की तुम्हीच म्हणायचात, खाली कर गं बाळा, मोकळा श्वास घे, मी बघते माझं.

अँब्युलन्स येईपर्यंत पोरगी आलेली होती. पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवलीत, वरून दुपटं. नाळेचे ठोके थांबेपर्यंत कापली नाहीत, आणि कापली ती नव्या ब्लेडनं, उकळलेल्या दोऱ्यानं बांधून. बाहेरून कोणीतरी हळद-तेल पुढे केलं तर म्हणालात नाळेला काहीही लावायचं नाही, कोरडी राहू दे. वार पूर्ण पडली का ते बॅटरीच्या उजेडात उलटसुलट बघितलंत आणि गाडीतल्या डॉक्टरांना तसं सांगितलंत.

दवाखान्यात टेस्ट केली आणि मी पॉझिटिव्ह निघाले.

सिस्टर, अख्खा तासभर मी तुमच्या तोंडावर श्वास सोडत होते. मास्क खाली कर हे तुम्ही सांगत होतात. मला अजूनही ते आठवलं की पोटात कालवतं.

आईनं नंतर सांगितलं, गाडी गेल्यावर तुम्ही अंगणात उभ्या राहून आधी ग्लोव्हज, मग गाऊन, हात सॅनिटाइज, मग शील्ड आणि शेवटी मास्क, असं एकेक क्रमानं उतरवलंत, दोन पिशव्यांत बांधलंत, ती पिशवी तीन दिवस कोपऱ्यात वेगळी ठेवून मगच घंटागाडीत द्या म्हणालात. चहा घेतला नाहीत. घरी जाऊन माडीवरच्या खोलीत चौदा दिवस एकट्या राहिलात. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला.

त्या चौदा दिवसांतही रोज दोनदा तुमचा व्हिडिओ कॉल. सगळे सांगत होते बाळाला लांब ठेवा, वरचं दूध द्या. एकट्या तुम्ही म्हणालात पाज, मास्क लाव, आधी हात धू, आणि बाळाला मास्क अजिबात लावायचा नाही, गुदमरेल. खोलीत धुरी बंद करायला लावलीत, बाळाची छाती नाजूक, तुझीही आत्ता तशीच. पाचवीला कोणी नाही, बारसं फोनवर. सासूबाईंना फार लागलं होतं ते, पण आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुमचं सांगतात.

पोरगी शाळेत जायला लागली. तुमच्या पाया पडायचं तेवढं राहिलंय. रविवारी दुपारी तिला घेऊन येतेय, डिंकाचे लाडू केलेत. या वेळी पायरीवर नाही बसणार, आत येणार आणि तुमच्या हातचा चहा घेणार.

तुमची,
पेठ रोडवरची ती बाळंतीण