ज्वारीतला सोंडा आणि उडदातला भुंगा

रावेर, जि. जळगाव
दि. १८ मे

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले, पण इकडे वाळवणे चालली होती आणि केळीच्या मृगबागेसाठी शेत तयार करायचे होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. राग मानू नकोस. गावाहून नेलेल्या उडदात निघालेले किडे म्हणजे आपल्या ज्वारीतलेच सोंडे का, आणि तेच असतील तर त्यांची सोंड कुठे गेली, असे तू विचारले आहेस. प्रश्न तू थट्टेने विचारला असलास तरी तो नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परवाच आईने कोठीतली दादर ज्वारी गच्चीवर पसरली. ऊन तापले तशी दाण्यांतून सोंड्यांची पळापळ सुरू झाली. एक उचलून भिंगाखाली धरला. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी आणि पाठीच्या कवचावर चार तांबूस डाग. बोट लागताच पाय पोटाशी घेऊन तो मेल्याचे सोंग करतो आणि मिनिटभरात पुन्हा चालू लागतो. सोंड म्हटली की आपल्याला हत्तीची नाहीतर डासाची आठवते, पण ही सोंड पोकळ नळी नसते आणि तिने काही शोषलेही जात नाही. डोक्याचाच पुढचा भाग लांबत गेला आहे आणि त्याच्या अगदी टोकाला बारीकसे जबडे आहेत. सोंडेच्या दोन्ही बाजूंना कोपरात वाकलेल्या हातासारख्या शृंगिका, म्हणजे मिशा असतात. हे वाकलेले कोपर लक्षात ठेव, पुढे त्याचे काम आहे.

मादी या जबड्यांनी दाण्याला भोक पाडते, वळून त्यात एक अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाचे बूच बसवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. आतली बिनपायाची अळी पीठ खात वाढते, तिथेच कोष होते आणि पूर्ण वाढलेला सोंडाच दाणा फोडून बाहेर पडतो. तुझ्या उडदावर मात्र तुला पांढरे ठिपके दिसले असतील. ती भुंग्याची अंडी. त्याची मादी भोक पाडण्याच्या भानगडीत पडत नाही, ती अंडे सालीवर उघडेच चिकटवते आणि भोक पाडण्याचे काम अळीवर सोडते. तेव्हा तुझ्या किड्याची सोंड कुठे गेलेली नाही, ती त्याला कधी नव्हतीच. इंग्रजीतही त्याला बोलण्यात सोंड्याचेच नाव देतात, म्हणून हा घोळ शिकलेल्या माणसांतही आहे. सोंड नसलेला तो भुंगा पानखाऊ भुंगेऱ्यांच्या कुलातला आहे. पूर्वी त्याचे वेगळे कुल मानत असत, आता त्या कुलातले एक उपकुल मानतात.

आता वंशावळ सांगतो. पुढच्या पंखांची ढाल झालेल्या कीटकांचा जो ढालपंखी गण, म्हणजेच सगळे भुंगेरे, त्यात आजवर सुमारे चार लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. या गणाचे चार उपगण आहेत. त्यांतले आर्कोस्टेमाटा आणि मिक्झोफॅगा हे अगदी लहान आहेत. ॲडिफॅगा हा शिकाऱ्यांचा, जमिनीवर धावणाऱ्या आणि पाण्यात पोहणाऱ्या भुंगेऱ्यांचा आहे. उरलेला पॉलिफॅगा, आणि दहांतले नऊ भुंगेरे एकट्या त्याच्यातच मोडतात. हुमणीचा भुंगेरा, शेणकिडा, काजवा, पिठातला तांबडा किडा हे सगळे तिथलेच. पॉलिफॅगाच्या एका मोठ्या फांदीला शेवटी जोडफाटा फुटतो. एका बाजूला पानखाऊ भुंगेरे आणि लांब मिशांचे लाकूड पोखरणारे भुंगेरे, दुसऱ्या बाजूला सगळे सोंडे. दोन्ही फाट्यांच्या मिळून सव्वा लाखाहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या सोंड्यांच्या. म्हणजे ज्वारीतला सोंडा आणि उडदातला भुंगा हे एक नव्हेत, पण परकेही नव्हेत. आपल्या भाषेत सांगायचे तर चुलत घराणी. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळतो, तेव्हा निवडण्यात हयगय झाली तर ही दोन्ही घराणी एकाच जात्यात जातात, हे मी आईला सांगितले नाही.

हा जोडफाटा इतका का फोफावला, याचे एक कारण मला फार आवडले. २०१९ साली भुंगेऱ्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वनस्पतींच्या पेशीभित्ती पचवणाऱ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, जनुके या मंडळींच्या पूर्वजांनी जिवाणू आणि बुरशी यांच्याकडून मिळवली होती, असे त्यात दिसून आले. ज्वारीतल्या सोंड्याची तर आणखी गंमत आहे. धान्यात जी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, पुरेशी नसतात, ती त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करून देतात आणि त्यांवरच त्याचे कवच कठीण होते. कवच एकदा पक्के झाले की आतड्यालगतचे हे जिवाणू तो स्वतःच जिरवून टाकतो. गरज सरो, वैद्य मरो! मादी मात्र अंडाशयातले जिवाणू राखून ठेवते, म्हणजे पुढच्या पिढीची सोय होते.

सोंड्यांचे घराणे जुने आहे. कझाकस्तानातल्या कराताऊ इथे त्यांचे ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातले जीवाश्म सापडले आहेत, आणि तेव्हा फुलझाडांचा विस्तार व्हायचा होता. या घराण्यातले एक जुने कुल अजूनही सूचिपर्णी झाडांच्या नरशंकूंवर जगते, आणि त्याच्या शृंगिका सरळ असतात. कोपरात वाकलेली शृंगिका ही कर्क्युलिओनिडी या सर्वांत मोठ्या कुलाची खूण. सोंड्यांच्या बहुसंख्य जाती याच कुलात येतात.

आता मुद्द्याचे. कर्क्युलिओनिडीतच ड्रायोफ्थोरिनी नावाचे एक उपकुल आहे, काहीजण त्याला स्वतंत्र कुलाचा मान देतात. आपला ज्वारी-तांदळातला सोंडा, ज्याचे शास्त्रीय नामकरण स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७६३ साली केले, तो यातला. नारळाच्या शेंड्यात शिरणारा मोठा तांबडा सोंडा यातलाच. दक्षिणेत केळीचे खोड पोखरणारा यातला आणि केळीचा कंद पोखरणारा काळा सोंडाही यातलाच. ज्वारी, तांदूळ, नारळ, केळी, ही सगळी एकदल पिके, आणि या उपकुलाचा ओढाही मुख्यतः एकदल वनस्पतींकडेच. कोठीत आणि बागेत एकाच घरचे पाहुणे उतरले आहेत, हे कळले त्या दिवशी मी बराच वेळ बांधावर बसून होतो.

त्या काळ्या सोंड्याशी माझी ओळख माझ्याच चुकीने झाली. तीन वर्षांपूर्वी घाईत एका जुन्या बागेतून मुनवे, म्हणजे लावणीसाठी केळीच्या बुडाचे कोंब, आणले, कंद तासून पाहिले नाहीत. पुढच्या मे महिन्यातल्या वावटळीत शेजारची झाडे उभी राहिली आणि माझी सात आडवी झाली. कोयत्याने कंद उभा कापला तेव्हा आत काळपट बोगदे आणि त्यांत तपकिरी डोक्याच्या, बिनपायाच्या पांढऱ्या अळ्या. दाण्यातली अळी कित्येक पटींनी मोठी करावी तर अशीच दिसेल. तेव्हापासून खोडाचे उभे चिरलेले तुकडे बागेत पालथे ठेवतो, सकाळी ते उलटून खाली लपलेले सोंडे वेचतो. हेही हात लावताच मेल्याचे सोंग करतात.

आणि सोंड ही खूणही शेवटी कच्चीच निघते, बरं का. झाडाच्या सालीखाली कोरीव रांगोळ्या काढणारे सालभुंगेरे आणि कॉफीचे फळ पोखरणारा बारीक भुंगेरा यांना सांगण्यासारखी सोंडच नाही, तरी ते अस्सल सोंडे. बिळात राहणाऱ्याला लांब नाक अडचणीचेच, ते आखूड होत गेले. बराच काळ त्यांचे कुल निराळे धरत असत, आता ते कर्क्युलिओनिडीत आले आहेत. उलट सॅल्पिंजिडी या दुसऱ्याच कुलातल्या काही भुंगेऱ्यांना चांगली सोंड असते, पण त्यांचा या घराण्याशी संबंध नाही. म्हणजे तू थट्टेत विचारलेस तेच शास्त्रज्ञांनाही गंभीरपणे विचारावे लागले.

ठिपके असलेले उडीद बाजूला काढ, उरलेले उडीद दोन दिवस कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात भर. ठिपकेवाल्यांतले चार दाणे मात्र बाटलीत झाकून ठेव. त्यांतून गोल झाकण उघडल्यासारखे भोक पाडून भुंगा बाहेर येईल, तेव्हा त्याच्या मिशा पाहा. त्यांना कोपर नसेल, करवतीसारखे दाते असतील. आईला मी हे सगळे दाखवून झाले आहे. तिने भिंगातून दोघांनाही नीट पाहिले आणि दोघांनाही सोंडेच म्हटले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जूनमध्ये आलास तर कंद तासायला माणूस हवाच आहे.

तुझा,
भास्कर