फुकट ब्लॉग घ्या, पण बाहेर पडायची वाट आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मधूनमधून "घरबसल्या फुकट ब्लॉग सुरू करा" टाइपचे लेख येतात, वाचायला बरे असतात, पण सगळे सुरुवातीपाशीच थांबतात. थीम कुठली, नाव काय, जाहिरातीचे पैसे किती, संपलं. आमच्या बडोद्यात रिटायर झालेली लिहिणारी मंडळी बरीच आहेत, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातली, कुणी जुन्या वाड्यांबद्दल लिहितं, कुणी आजोबांच्या गायकवाडी नोकरीच्या गोष्टी, कुणी आपल्या अर्ध्या मराठी अर्ध्या गुजराती स्वयंपाकाबद्दल, आणि बहुतेक सगळं फेसबुक नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होतात. महिन्याभराने ते लिहिणाऱ्यालाच सापडत नाही! त्यांनी ब्लॉगवर यावंच. फक्त जागा निवडताना ती दिसते कशी हे शेवटी बघा, आधी हे बघा की आपलं लिखाण तिथून उचलून दुसरीकडे नेता येतं का.

कारण या जागा बंद पडतात हो. जिओसिटीज ही फुकट वेबसाइटची जागा याहूने 2009 ला गुंडाळली. पोस्टरस हे ब्लॉगचं ठिकाण ट्विटरने विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी, 2013 ला, बंद. आणि फुकटचं म्हणून गेलं असंही नाही, टाइपपॅडला लोक चांगले पैसे भरत होते, ते 30 सप्टेंबर 2025 ला बंद झालं, सूचना काय तर महिनाभराची. ज्यांनी फाईल उतरवून घेतली त्यांचं वाचलं.

म्हणून साध्या माणसाने ब्लॉगर नाहीतर वर्डप्रेस या दोनातच बघावं असं माझं मत. दोन्हीतून सगळं लिखाण एका फाईलीत उतरवता येतं, शिवाय ब्लॉगरची फाईल वर्डप्रेसमध्ये चढवताही येते. ब्लॉगर 1999 चं, 2003 पासून गूगलकडे, दिसायला जुनाट झालंय आणि गूगल त्यात फारसं नवीन काही करत नाही हे खरं, पण चालतंय, आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेब-पत्ता, घेतलं तर ते जोडायला वेगळे पैसे लागत नाहीत, डोमेनचं वर्षाचं भाडं तेवढं. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनमध्ये डोमेन जोडता येत नाही, त्यांच्या जाहिराती येतात आणि जागा 1 जीबी, म्हणजे मोबाईलचे फोटो तसेच्या तसे टाकत गेलात तर दोन-तीनशे फोटोंत भरली. लिहायला मात्र ते छान आहे. (वर्डप्रेस डॉट ऑर्ग हे वेगळं प्रकरण, तिथे सॉफ्टवेअर फुकट पण ते ठेवायला जागा आपणच भाड्याने घ्यायची, या नादी सुरुवातीला लागू नये.) मीडियम नावाच्या ब्लॉग-साइटवर दिसतं सुंदर पण वाचणाऱ्याला सारखं लॉगिन करा लॉगिन करा चालू असतं, आपल्या सत्तरीतल्या वाचकांना ते काय झेपणार.

आता खरी गोम. आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या भाच्याने ब्लॉग काढून दिला, रेसिपींचा, पण स्वतःच्या ईमेलवरून. भाचा कॅनडाला गेला, तो ईमेल त्याने सोडून दिला, पासवर्ड आता त्याच्याही लक्षात नाही. खमणच्या रेसिपीत सोडा एक चमचाच्या जागी एक वाटी छापलं गेलंय, काकूंना रोज दिसतं, दुरुस्त करता येत नाही. भेटेल त्याला सांगतात, वाटी नाही हं, चमचा! तेव्हा अकाउंट आपल्याच ईमेलवर काढा, आणि मुलगी, सून, नातू, जो कोणी असेल त्याला ब्लॉगरमध्ये अ‍ॅडमिन करून ठेवा. सेटिंग्जमध्ये आमंत्रण पाठवायची सोय आहे.

वयस्कर लोकांना हे सांगायला जीभ रेटत नाही पण सांगायलाच हवं, गूगलचा नियम असा आहे की अकाउंट दोन वर्षं कोणी वापरलंच नाही तर ते डिलीट होऊ शकतं, डिसेंबर 2023 पासून लागू आहे. माणूस असतो तोवर प्रश्न नाही, मेल उघडली तरी वापर धरला जातो. नंतरचं काय? त्यासाठी गूगलच्याच सेटिंग्जमध्ये सोय आहे, अकाउंट अमुक महिने बंद राहिलं तर कोणाला कळवायचं, कोणाला डेटा द्यायचा, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. बँकेत नॉमिनी लिहितोच ना आपण.

आणखी एक, ब्लॉगरच्या बॅकअपमधल्या लिखाणाच्या फाईलीत फोटो नसतात, फक्त त्यांच्या लिंका असतात. आजोबांचा फेट्यातला एकच एक फोटो असेल तर तो पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा. आणि जुनं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेलं थेट पेस्ट करू नका, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारं मराठी, करून घ्या.

सयाजीराव महाराजांनी 1910 ला अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं त्या गावचे आपण, आपल्या लोकांचं लिहिलेलं असं हरवणं शोभत नाही. तुम्हाला विनंती एवढीच, रविवारच्या पुरवणीत ब्लॉग सुरू कसा करायचा याच्या शेजारी बॅकअप कसा घ्यायचा याचीही एक चौकट द्या, मराठीत, स्क्रीनच्या फोटोसकट, आणि अक्षर जरा मोठं ठेवा.

आपला,
एक वाचक, बडोदे