डिस्चार्ज कार्डावर लिहायची एक गोष्ट

रामबाग, इंदूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

लहान मुलांच्या हृदयप्रत्यारोपणात तू आता भूल देणार, हे वाचून आईला आणि मला फार समाधान वाटले. 1994 साली दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले, ती बातमी आम्ही भूलतज्ज्ञांनी इथे किती उत्सुकतेने वाचली होती!

ज्या मुलाचे हृदय फुगून थकले आहे, त्याच्या शिरेत सोडलेले औषध मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते. मूल झोपत नाही म्हणून आणखी औषध दिले, की ते सारे एकदम लागू पडून रक्तदाब कोसळतो. दात्याचे हृदय बर्फात ठेवून निघालेले असते, साधारण 4 तासांत ते पुन्हा सुरू व्हावे अशी सर्वांची धडपड असते, आणि तरीही थोडे औषध देऊन थांबणे हेच तुझे काम असते. बायपासवरून, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्रावरून, उतरताना हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येणारा ताण, त्यावरची मिलरिनोन, नायट्रिक ऑक्साइड ही औषधे, हे सारे तुझे गुरुजन माझ्याहून चांगले शिकवतील.

माझा आग्रह त्यानंतरच्या काळाविषयी आहे. ही मुले बरी होऊन गावी परततात. उद्या देवास-खरगोनकडच्या अशा एखाद्या मुलीचा हात मोडला, तर तिला भूल देणाऱ्याने असा रुग्ण कधी पाहिलेलाही नसेल. नव्या हृदयाचा, ठोके मंद ठेवणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूशी संबंध तुटलेला असतो, त्यामुळे ठोके एरवीच जलद असतात. ते मंदावले तर आपण सवयीने देतो त्या, व्हेगसला रोखणाऱ्या अॅट्रोपिनवर विसंबता येत नाही, थेट हृदयावर काम करणारे आयसोप्रिनालिन किंवा अॅड्रेनलिन हाताशी लागते. रक्तस्राव झाला तरी ठोके लगेच वाढत नाहीत, आणि हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत दुखेलच असे नाही. काही वर्षांनी थोडे मज्जातंतू पुन्हा जुळतात, पण त्या भरवशावर राहू नये.

एवढे डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत लिहीत जा. शस्त्रक्रियेच्या दिवशीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे परस्पर बंद करू नयेत, हेही त्यात असू दे. मुलाच्या आईला ते हिंदीत समजावून सांग, म्हणजे कुठल्याही दवाखान्यात ती कार्ड आधी पुढे करील. आणि खाली तुमच्या विभागाचा, रात्रीसुद्धा उचलला जाईल असा फोन नंबर लिही.

तुझे
बाबा