चाकणच्या बारा जणांसाठी

नागोया, जपान

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली आता बारा माणसं आली, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. टीम एकजीव कशी करायची असं तू विचारलंस, म्हणून नीट लिहितो.

आधी संख्या बघ. पाच माणसांत आपापसांतल्या जोड्या होतात १०, बारांत ६६. एवढ्या जोड्यांत निरोप हरवतोच. शिवाय घोळक्यात जो तो थोडा कमीच जोर लावतो. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं; १९१३ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणून सहा-सहाचे दोन गट कर. गटप्रमुखाच्या गळ्यात दिवसभराचं मशीन बांधू नकोस, नाहीतर अडलेल्याकडे तो जाणार कधी?

मग स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं मशीन किती येतं याचा तक्ता. उभ्या रकान्यांत मशीन, आडव्या ओळींत नावं. शिकतोय त्याला १, देखरेखीखाली करतो त्याला २, एकटा सांभाळतो त्याला ३, दुसऱ्याला शिकवतो त्याला ४. प्रत्येक रकान्यात ३ किंवा ४ वाले किमान दोघे हवेत. जिथे एकच आहे, तिथे गणपतीत तो गावी गेला की मशीन बंद. शिकवणी आत्ताच लाव. ढोल-ताशा पथकात कोणी विसर्जनाच्या आदल्या दिवशी नवा वादक उभा करत नाही; काम रखडल्यावर ऐनवेळी आणलेला माणूसही जुन्यांचाच वेळ खातो.

पाळी बदलताना दहा मिनिटं, दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी उभे. काय चालू, काय बंद, कुठे तात्पुरती दुरुस्ती, कुठला माल कमी, एवढंच बोलायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या पाळीनं झिजलेल्या इन्सर्टसाठी (कापणाऱ्या पात्याच्या टोकासाठी) मशीनमधला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, बदलला आणि सांगितलं नाही, दुसरीनं नवा इन्सर्ट बसवला पण ऑफसेट तसाच राहिला, की माप चुकून अख्खा लॉट रिजेक्ट. यात कामचुकार कोणीच नसतो.

सगळ्यात जपायची गोष्ट पुढे आहे. इथल्या टोयोटाच्या लाइनवर अडचण दिसली की कामगार स्वतः आंदोनची, म्हणजे मदत मागणाऱ्या दिव्याची, दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. टीम लीडर धावत येतो. त्या जागेचं काम संपेपर्यंत सुटलं नाही, तर लाइन थांबते. तू दोरी बांधशील, दिवा लावशील, पण पहिल्यांदा ओढणाऱ्यावर कोणी खेकसलं तर पुन्हा तिला हात लागणार नाही. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी इस्पितळांतल्या पथकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या पथकांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे चुका लपत नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा "कोणी केलं?" हा प्रश्न तोंडून काढूच नकोस. "काय झालं, कधी दिसलं, तेव्हा मशीन कसं होतं?" असं विचार. कोणी सांगायला आला की आधी त्याच्याबरोबर मशीनपाशी जा, ऑफिसात बोलावू नकोस. आणि महिनाभर कोणीच काही बोललं नाही, तर खूश होऊ नकोस. दुसऱ्या पाळीत स्वतः जाऊन उभा राहा.

दोन्ही गटांची घडी एकदम बसेल असं धरू नकोस. सुरुवातीला कुरबुरी होतील, विशेषतः जुन्या आणि कंत्राटी मुलांत. जेवणाची सुट्टी आणि ओव्हरटाइमची पाळी ठरवताना दोघांना एकच नियम लाव. निम्म्या कुरबुरी तिथल्याच असतात.

मॅट्रिक्स भरलीस की फोटो पाठव. एकेकटी नावं असलेले रकाने आपण फोनवर बघू. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा