पक्यास: बंड्याचे पाच हल्ले

नाशिक, गुरुवार

पक्या,

तब्येत बरी, सर्दी आहे, ती जाईल. बंड्यानं आपल्या पाथफाइंडरच्या (पहिली आवृत्ती, फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम) पात्राचं नवं शीट, म्हणजे आकड्यांचा तक्ता, धाडलंय आणि ते बघून रडावं की हसावं हे तुलाच कळेल. सहाव्या लेव्हलचा हाफ-ऑर्क (अर्धा राक्षस) बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्या. हातात ग्रेटॲक्स ही मोठी कुऱ्हाड, तोंडात सुळे, रेज (लढाईतला संताप) आला की बीस्ट टोटेम या शक्तीचे दोन पंजे. फुल अटॅकमध्ये, म्हणजे अख्खी फेरी मारण्यातच घालवली तर, कुऱ्हाड दोनदा, पंजे दोन, चावा एक, सगळे +१२ नं (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा)! मिसळीबरोबर पाव मागवावेत तसे हल्ले मागवलेत लेकानं.

अरे, कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरलीय, मग पंजे कुठून काढणार? एका फुल अटॅकमध्ये ज्या हातानं शस्त्र चालवलं त्याच हातानं पंजा मारता येत नाही. वार झाल्यावर मूठ सैल करून पंजा मारायची आयडिया तूच त्याच्या डोक्यात घातलीस, नाकारू नकोस. मूठ सोडणं फुकट असलं तरी तो हात त्या फेरीपुरता खर्ची पडलेला असतो. यावरून तू कॉलेज रोडवर भर रस्त्यात माझ्याशी भांडला होतास, आठवतंय?

राहिला चावा. तोंड रिकामं आहे, म्हणून तो मिळतो. पण हातातल्या शस्त्रासोबत आला की सेकंडरी, म्हणजे दुय्यम: टू-हिटला (वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशाला) उणे ५, डॅमेजला (इजेला) स्ट्रेंग्थचा बोनस निम्मा. बेस अटॅक (लेव्हलवरून मिळणारं लढण्याचं कसब) +६, रेजमधली स्ट्रेंग्थ २२, म्हणजे बोनस +६. कुऱ्हाड +१२ आणि +७, दर वेळी डॅमेज १डी१२+९ (बारा बाजूंचा एक फासा अधिक ९). चावा +७, १डी४+३. चाव्याला बेस अटॅकमुळे दुसरा वार मिळत नाही. मल्टिअटॅक फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) घेतलं तर उणे ५ चं उणे २ होतं, पण त्याला तीन नैसर्गिक हल्ले लागतात आणि याचे पंजे रेजपुरतेच. मी ते धरणार नाही. आणि पुढे सरकून मारलं तर एकच हल्ला, मग चावा विसरा.

मजा पुढे आहे. कुऱ्हाड टाकली तर तिन्ही हल्ले प्रायमरी (मुख्य), तिन्ही +१२: पंजे १डी६+६, चावा १डी४+६. क्रिटिकल (नशिबानं बसणारे जबर फटके) सोडून हिशेब केला. एसी (समोरच्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) २० समोर कुऱ्हाड-चावा मिळून फेरीला सरासरी डॅमेज साडेअठरा, नुसती नखं-दात पावणेअठरापेक्षा थोडं जास्त. एसी २४ ला उलटं, सव्वाअकरापेक्षा किंचित कमी विरुद्ध बारा-साडेबारा. मात्र समोरच्याला डीआर (इजा कमी करणारं संरक्षण) ५ असेल तर तो प्रत्येक फटक्यातून वेगळा कापला जातो, तिथं कुऱ्हाडच हवी. म्हणजे पात्र मुळीच मेलेलं नाही! ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं) दिला तर आणखी छान: दहा फुटांवर ग्लेव्ह, शेजारच्या चौकोनात दात, कुणी बिलगून सुटत नाही.

हे त्याला मी सांगितलं की तो तोंड फुगवणार आणि रविवारी येणार नाही. तो नाही तर हीलरही (जखमा बऱ्या करणारं पात्र खेळणारी) नाही, कारण ती त्याच्याच गाडीवर पंचवटीहून येते.

तुमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत बरंय. दुसऱ्या हातच्या जादा वाराला हातात धरलेलं लाइट (हलकं) शस्त्रच लागतं, दात चालत नाहीत, वाद संपला. नवी नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार, पिल्लूचे दात आले का?

शनिवारच्या आत बंड्याला फोन कर. कुऱ्हाड टाकायचं तूच सुचवलंस असं सांग, माझं नाव काढू नकोस.

तुझा,
सुध्या