बारा तासांचा दिवस कोणाच्या सोयीचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतील रोजच्या कामाची कमाल मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, म्हणजे बारा तासांच्या चार दिवसांत आठवडा भरतो, त्यामुळे कामगाराचे यात नुकसान नाही, असे समर्थन तेव्हापासून ऐकू येते. त्याच निर्णयात ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर गेली आणि अर्ध्या तासाची विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनी देण्याचे ठरले. भोसरीतील एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे यंत्राच्या दाबाने पत्र्याचे भाग बनवणाऱ्या विभागात, मी 31 वर्षे काढली, त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. तो अनुभव सांगतो की कामगाराचा जीव आठवड्याच्या बेरजेवर नव्हे, दिवसाच्या शेवटच्या तासावर अवलंबून असतो.

पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर पत्रा डायमध्ये (साच्यात) ठेवतो, हात साच्याबाहेर राहावेत म्हणून दिलेली दोन बटणे दोन्ही हातांनी दाबतो, ठोका पडला की जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, काढतो आणि लगेच पुढचा पत्रा उचलतो. पाळीच्या सुरुवातीला त्याची नजर आणि हात बरोबर चालतात. दहाव्या तासाला हात सवयीने पुढे जातो आणि नजर मागे राहते. मार्चअखेरीस माल पाठवण्याची घाई असली की आमच्याकडे आठ तासांच्या पाळीला चार तास ओटी (ओव्हरटाइम) सर्रास जोडली जाई. अशाच एका रात्री, ओटीचा शेवटचा तास चालू असताना, वेग वाढावा म्हणून एक बटण पट्टीने बांधून ठेवलेल्या प्रेसवर माझ्या पाळीतल्या एका मुलाची दोन बोटे गेली. ती पट्टी मला दिसली होती आणि मी ती सोडायला लावली नाही, हे मी आज प्रथमच लिहीत आहे. रजिस्टरमध्ये ‘कामगाराचे दुर्लक्ष’ एवढीच नोंद झाली.

ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, ही अट चांगलीच आहे. पण कंत्राटदाराकडे कामाला असलेल्या मुलाने सही केली नाही, तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास चालेल का, याचे उत्तर औद्योगिक पट्ट्यातल्या कोणालाही विचारावे.

सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा रोजची वेळ 45 मिनिटांनी वाढवली आणि त्या बदल्यात सर्व शनिवार सुट्टीचे केले. तो व्यवहार रास्त होता, कारण वाढलेली वेळ आणि मिळणारी सुट्टी एकाच आदेशात होती. कारखान्यातल्या माणसाला मात्र बारा तास आधी मिळतात आणि चार दिवसांचा आठवडा मालकाच्या मर्जीवर राहतो. आइसलँडमध्ये 2015 ते 2019 या काळात अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर जो प्रयोग झाला, त्यात पगार तोच ठेवून आठवडा 40 तासांवरून 35-36 तासांवर आणला होता. तेच तास कमी दिवसांत कोंबले नव्हते. आमच्या लाइनवर सहा जणांचे काम रोबो आल्यावर दोघांवर आले, पण उरलेल्या दोघांपैकी कोणी तासभरही लवकर घरी गेला नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही मागणी केली होती. सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. तोच अर्धा तास आज तासाभराने पुढे ढकलला जातो, हे पाहून फार वाईट वाटते.

कामगार विभागाला माझी विनंती आहे की, ज्या कारखान्यात बारा तासांची पाळी लावली जाईल तिथे आठवड्याला तीन पगारी सुट्ट्या नियमातच बंधनकारक कराव्यात, बारा तासांनंतर ओटीला पूर्ण बंदी घालावी आणि प्रेस, कटिंग व फर्नेस यांसारख्या जोखमीच्या कामांना आठ तासांचीच पाळी ठेवावी. नियम करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी एखाद्या प्रेसशॉपमध्ये रात्रपाळीचा शेवटचा तास उभे राहून पाहावा.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, भोसरी, पुणे